मधल्या डेपोचा पत्ता

बाबांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायची शेवटची तारीख होती. ते लॅपटॉपसमोर बसले, चष्मा पुसला, कंपनीची वेबसाइट उघडली आणि कोऱ्या पानावर फक्त ‘४०३ फॉरबिडन’ एवढंच उमटलं. त्यांनी ब्राउझर बदलून पाहिला, लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला. मग हाक आली, “अरे, तुझ्या त्या डबीने काही घोळ घातलाय का बघ.”

डबी म्हणजे टीव्हीच्या कपाटात राउटरशेजारी ठेवलेला रास्पबेरी पाय, पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. त्यावर मी टॉर नावाच्या जाळ्याचा एक रिले चालवत होतो. “बाबा, तिचा काय संबंध?” असं म्हणत मी तीच साइट मोबाइलवर उघडली. वाय-फायवर ४०३. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर उघडली, तर लॉगिनचं पान निमूटपणे आलं. पुन्हा वाय-फाय, पुन्हा ४०३. संबंध होता.

तो नेमका काय, हे समजायला आधी टॉरच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

तीन वेष्टनांचं पार्सल

एसटीने पार्सल पाठवणं आपल्याला नवं नाही. समजा, सावंतवाडीहून नागपूरच्या एका दुकानात पार्सल जायचंय, पण ते कुठून निघालं हे वाटेत कुणाला जुळवता येऊ नये. पाठवणारा त्यावर तीन वेष्टनं चढवतो आणि कोल्हापूर डेपोत देतो. कोल्हापूरवाला वरचं वेष्टन काढतो. आत लिहिलेलं असतं ‘सोलापूर डेपो’. सोलापूरवाला दुसरं काढतो. आत ‘नांदेड डेपो’. नांदेडवाला शेवटचं काढतो, तेव्हा कुठे नागपूरच्या दुकानाचं नाव दिसतं. कोल्हापूरला सावंतवाडी ठाऊक असते, नागपूर नाही. नांदेडला नागपूर ठाऊक असतं, सावंतवाडी नाही. सोलापूरला यातलं काहीच ठाऊक नसतं; एका डेपोतून आलं, दुसऱ्या डेपोला दिलं. आणि दुकानदाराच्या वहीत नोंद होते ती ‘नांदेडहून आलं’ अशी.

टॉर हेच करतं, फक्त वेष्टनाच्या जागी सांकेतिकीकरण असतं. तुमच्या संगणकावरचा टॉर ब्राउझर जगभरच्या रिलेंमधून तीन निवडतो आणि प्रत्येकाशी वेगळी किल्ली ठरवतो. पाठवायचा मजकूर आधी तिसऱ्याच्या किल्लीने बंद, त्यावर दुसऱ्याच्या, त्यावर पहिल्याच्या. म्हणून नावात कांदा आला: टॉर हे मूळच्या ‘द अनियन राउटर’चं लघुरूप. पहिल्या रिलेला गार्ड म्हणतात, दुसऱ्याला मधला, तिसऱ्याला एक्झिट. एक्झिटमधून मजकूर उघड्या इंटरनेटवर उतरतो आणि वेबसाइटला आयपी पत्ता दिसतो तो या एक्झिटचा.

ही कल्पना १९९०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आली. आजचं जाळं २०००च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं आणि २००६मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था त्यासाठी उभी राहिली. आज जाळ्यात काही हजार रिले आहेत, ते स्वयंसेवक चालवतात. त्यांतले एक्झिट निम्म्याहून बरेच कमी. कारण उघड आहे: कुणी टॉरमधून उपद्व्याप केला, तर पोलिसांना पहिला पत्ता सापडतो तो एक्झिटचा. २०१७मध्ये मॉस्कोतल्या एका गणिताच्या शिक्षकाला इंटरनेटवरच्या भडकाऊ मजकुरासाठी अटक झाली. तो मजकूर त्याच्या घरच्या एक्झिटमधून गेला होता. आरोप मागे घ्यायला वर्ष लागलं. घरून एक्झिट चालवू नका, असं टॉर प्रोजेक्ट स्वतःच सांगतं.

घरून चालवायचा तो मधला किंवा गार्ड. टॉरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘बाहेर काहीही जाऊ देऊ नकोस’ अशी ओळ असली, की तो रिले फक्त दुसऱ्या रिलेंशी आणि गार्ड असेल तर टॉर वापरणाऱ्यांशी बोलतो. माझी डबी अशीच होती. सोलापूर डेपो.

आता यातून निघणारा निष्कर्ष नीट बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सोलापूर डेपोतून नागपूरच्या दुकानात एकही पार्सल थेट जात नाही. म्हणजे मधल्या रिलेच्या पत्त्यावरून एखाद्या वेबसाइटकडे काही आलं, तर ते टॉरमधून आलेलं असूच शकत नाही. ते त्या घरातल्याच कुणाचं तरी असतं. डेपोतला कामगार सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने खरेदीला दुकानात आला, आणि दुकानदाराने त्याला ‘पार्सलवाल्यांना प्रवेश नाही’ म्हणून परत पाठवलं, तसं हे झालं.

घर एक, पत्ता एक

बाबांनी टॉर कधी उघडलेलंही नाही. मग त्यांना का अडवलं? घरात मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही कितीही असले, तरी बाहेरच्या जगाला दिसतो तो राउटरचा एकच आयपीव्ही४ पत्ता. माझा रिलेही त्याच पत्त्यावर, बाबांचा लॅपटॉपही त्याच पत्त्यावर. डबीच्या नावावर जे लागलं, ते सगळ्या घराच्या नावावर लागलं.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. अनेक इंटरनेट कंपन्यांकडे आयपीव्ही४ पत्ते कमी आणि गिऱ्हाईक जास्त, म्हणून त्या शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अशा जोडणीवर सार्वजनिक रिले चालतच नाही, कारण बाहेरच्यांना तुमच्या घरापर्यंत जोडणी करता यावी लागते. म्हणून रिले चालवू इच्छिणारा कंपनीकडून स्वतंत्र, कायमचा पत्ता मागून घेतो, वरचे पैसे भरतो आणि मग राउटरमध्ये एक पोर्ट उघडतो. मीही तेच केलं होतं. त्यातून मिळालं एक ठाम, न बदलणारं नाव, आणि ते बदनाम झालं की बदनामीही कायमची. ज्यांचा पत्ता अधूनमधून बदलतो त्यांच्याकडे उलटी गंमत: रिलेवाल्याचा जुना पत्ता उद्या तिसऱ्याच ग्राहकाला मिळतो, आणि ज्याने टॉरचं नावही ऐकलेलं नाही त्याच्या घरी ४०३ येतो.

यादी उघडी का असते

डबीचा पत्ता विमा कंपनीला कळला कसा? कुणी चहाडी केलेली नाही. तो मीच जाहीर केला होता.

टॉर वापरणाऱ्याला तीन रिले निवडायचे तर सगळ्यांची यादी हवी, आणि ती सगळ्यांना सारखीच मिळायला हवी. एखाद्याला मुद्दाम वेगळी, तोकडी यादी देता आली, तर त्याला आपल्याच पाळत ठेवणाऱ्या रिलेंकडे वळवता येईल. म्हणून नऊएक विश्वासू सर्व्हर, ज्यांना डिरेक्टरी ऑथॉरिटी म्हणतात, दर तासाला आपापसांत मतदान करून एक सामाईक यादी ठरवतात आणि तिच्यावर सह्या करतात. प्रत्येक रिलेचा पत्ता, पोर्ट, वेग आणि शेरे तिच्यात असतात: ‘चालू’, ‘वेगवान’, ‘स्थिर’, ‘गार्ड’, ‘एक्झिट’. नवा रिले लावला की काही तासांतच त्याचं नाव या यादीत येतं. भरपूर रहदारी मात्र लगेच येत नाही. आधी त्याचा वेग बाहेरून मोजला जातो, आणि गार्डचा शेरा मिळायला साधारण आठवडाभर तरी लागतो. म्हणजे जाळ्याला उपयोग होण्याआधीच पत्ता यादीत पोचलेला असतो.

ही यादी उघडी ठेवण्यामागे आणखी एक विचार आहे. ज्या वेबसाइटला टॉरमधून येणारे पाहुणे नको असतील, तिला ते ओळखता यावेत, हे टॉर बनवणाऱ्यांना पहिल्यापासून मान्य आहे. त्यासाठी टॉर प्रोजेक्ट फक्त एक्झिटची वेगळी यादीही प्रसिद्ध करतं. ती साधी गाळणी नाही. काही एक्झिटना दोन पत्ते असतात: सामाईक यादीत एक, प्रत्यक्षात रहदारी बाहेर पडते ती दुसऱ्याच पत्त्यावरून. म्हणून प्रत्येक एक्झिटमधून खरोखर जोडणी करून बघतात आणि पलीकडे जो पत्ता दिसला तो टिपून ठेवतात.

म्हणजे बाजारात दोन याद्या आहेत. एक सांगते, ‘जाळ्यात कोण कोण आहे’. दुसरी सांगते, ‘जाळ्यातलं पाणी कुठल्या नळातून बाहेर पडतं’. वेबसाइटच्या कामाची दुसरी. पहिली वापरली तर दोन चुका एकदम होतात: हजारो निरपराध पत्ते अडकतात, आणि दुसऱ्याच पत्त्यावरून उतरणारे एक्झिट सुखरूप निसटतात.

वेबसाइटचं दुखणंही खोटं नाही

दुकानदाराची बाजूही ऐकायला हवी. टॉरमधून चोरलेले पासवर्ड हजारो खात्यांवर लावून बघणारे येतात, जाहिरातींचा कचरा टाकणारे येतात, आख्खी साइट उतरवून नेणारे यंत्रमानव येतात. आणि त्यांच्याच पत्त्यावरून शांतपणे बातमी वाचणारा इराणमधला विद्यार्थीही येतो. पत्त्यावरून या दोघांत फरक करता येत नाही. २०१६मध्ये क्लाउडफ्लेअर या वेबसाइटपुढे उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ सेवेने जाहीर केलं, की त्यांच्या साइट्सकडे टॉरमधून येणाऱ्या मागण्यांपैकी ९४ टक्के त्यांच्या मते उपद्रवी असतात. टॉर प्रोजेक्टने त्या आकड्यामागच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. त्याच वर्षी संशोधकांनी तपासलं, तेव्हा सर्वाधिक लोकप्रिय १,००० वेबसाइटपैकी ३.६७ टक्के साइट टॉरवाल्यांना अडवत किंवा कमी दर्जाची सेवा देत होत्या.

हा सगळा वाद एक्झिटबद्दलचा आहे. त्यात कुणाची बाजू बरोबर, यावर दोन प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतो. सोलापूर डेपोचा मात्र त्या वादाशी काही संबंध नाही. तरीही तो त्यात ओढला जातो, तो असा.

गफलत कुठे होते

वेबसाइटच्या दारात हल्ली एकच पहारेकरी नसतो. सर्व्हरची स्वतःची फायरवॉल असते, तिच्यापुढे क्लाउडफ्लेअरसारखी मध्यस्थ सेवा, आणि शेजारी आयपी पत्त्यांची पत सांगणाऱ्या विकतच्या सेवा. प्रत्येकीकडे कुठली ना कुठली ‘टॉर’ची चौकट असते. क्लाउडफ्लेअरने तर टॉरला जणू एक देश मानून ‘टी१’ असा संकेत दिला आहे. साइटचा मालक एखादा देश अडवावा तसं टॉरला अडवू शकतो. टी१ एक्झिटपुरता असतो, तिथे घोटाळा नाही. घोटाळा होतो तो याद्या हातोहात फिरताना.

एका सेवेने सामाईक यादी उतरवली आणि प्रत्येक पत्त्यापुढे ‘टॉर: होय’ असं लिहिलं. मूळ यादीत ‘एक्झिट’ शेरा होता. इथे तो गळाला. दुसऱ्या सेवेने ही विकत घेतली, तिच्यात प्रॉक्सी आणि व्हीपीएन मिसळले आणि नाव दिलं ‘धोकादायक पत्ते’. तिसरीकडून ती एखाद्या विमा कंपनीच्या कंत्राटदाराकडे आली. त्याने खूण केली, ‘अडवा’. साखळीतल्या कुणालाही दुष्ट म्हणता येत नाही. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला, एवढंच.

एक उदाहरण फार बोलकं आहे. ‘एमर्जिंग थ्रेट्स’ हा घुसखोरी ओळखण्याच्या नियमांचा संच जगभर वापरला जातो. त्यात टॉरसाठी दोन वेगळे गट आहेत: एक एक्झिटचा, आणि दुसऱ्याच्या नावातच ‘रिले, एक्झिट नव्हे’ असं लिहिलेलं. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने फरक केला होता. पुढे नियम लावणाऱ्याने दोन्ही गट उचलून एकाच शिक्षेला लावले, की फरक मातीत गेला.

शिळेपणाची गोष्ट वेगळीच. टॉरची यादी तासाला बदलते. रिले बंद केला की त्याचं नाव काही तासांत गळतं. पण ज्याने ती महिन्यापूर्वी एकदा उतरवून फायरवॉलमध्ये चिकटवली, त्याच्या दारात तुम्ही महिनाभर तेच राहता.

आपल्याच घरी हे झालं तर

निदान सोपं आहे, आणि क्रम पाळला तर पाच मिनिटांचं. तेच पान आधी वाय-फायवर, मग मोबाइल डेटावर उघडा. फक्त वाय-फायवर अडलं, तर दोष पत्त्याचा. मग रिले सर्च या टॉरच्या पानावर आपला पत्ता टाकून त्यापुढे कुठले शेरे आहेत ते बघा. ‘एक्झिट’ नसेल तर तुम्ही सोलापूर. टॉर मेट्रिक्सवर एक्झोनेराटॉर नावाची सोयही आहे: पत्ता आणि तारीख दिली की त्या दिवशी तो पत्ता रिले होता का आणि बाहेर रहदारी सोडत होता का, हे सांगते. वेबसाइटला पत्र लिहिताना त्या निकालाचा फार उपयोग होतो. घरी आयपीव्ही६ असेल तर तोही तपासावा; यादीत तुमचा फक्त आयपीव्ही४ पत्ता असेल, तर आयपीव्ही६ने तीच साइट सुरळीत उघडू शकते.

खूण नेहमी ४०३ असते असंही नाही. कधी चित्रांमधले सिग्नल ओळखायला लावतात, ओळखले की पुन्हा लावतात. कधी पान नुसतं फिरत राहतं. सगळ्यात फसवं म्हणजे पासवर्ड बरोबर असून ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं येणं. माणूस दोष पासवर्डला देतो आणि तो बदलत बसतो.

उपाय चार. पहिला, कंपनीकडून दुसरा पत्ता घेऊन रिले त्यावर बसवणं. स्वच्छ, पण महाग. दुसरा, भाड्याच्या सर्व्हरवर रिले हलवणं. तिसरा, घरी सार्वजनिक रिलेऐवजी ब्रिज चालवणं. ब्रिज हाही जाळ्यात शिरायचा दरवाजाच, पण त्याचं नाव सामाईक यादीत नसतं. जिथे सरकारने टॉर बंद केलं आहे, तिथल्या लोकांना असे पत्ते मोजके मोजके दिले जातात. मात्र यादीत येऊन गेलेल्या पत्त्यावर ब्रिज लावण्यात अर्थ नाही. लपायची जागा आधीच ओळखीची झालेली असते. चौथा उपाय सगळ्यात हलका: स्नोफ्लेक. ब्राउझरमध्ये एक विस्तार बसवायचा. तो चालू असताना टॉर अडवलेल्या देशातल्या कुणाला तरी तुमच्यामार्फत टॉरपर्यंत पोचता येतं. पोर्ट उघडावा लागत नाही, त्यामुळे शेकडो घरांच्या सामाईक पत्त्यामागेही तो सहसा चालतो, आणि पत्ता सामाईक यादीत जात नाही.

दार राखणाऱ्यासाठी

वेबसाइट सांभाळणाऱ्यांनी काय करावं, याचा नमुना आपल्या रोजच्या वापरातला आहे. मराठी विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यात टॉरब्लॉक नावाची जोड आहे. टॉरमधून कुणीही लेख वाचू शकतो. अडवलं जातं ते संपादन, आणि तेही फक्त एक्झिटच्या पत्त्यावरून. विश्वासू संपादकाला सूटही मिळू शकते. एवढ्या छोट्या रचनेत तीन चांगल्या सवयी आहेत: यादी योग्य ती, बंदी ज्या कृतीतून त्रास होतो तेवढ्यापुरती, आणि चुकून अडकलेल्यासाठी एक खिडकी. यात चौथी मी घालेन: यादी तासातासाला ताजी करा, आणि जुनी आपोआप गळू द्या.

विमा कंपनीला मी हे सगळं लिहिलं. एक्झोनेराटॉरचा निकाल जोडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: कृपया ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा.

हप्ता बाबांनी त्याच दिवशी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरला होता. पुढच्या आठवड्यात मी रिले युरोपातल्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवला आणि घरच्या लॅपटॉपवर स्नोफ्लेक लावलं. विम्याची साइट आमच्या पत्त्याला तरीही तीन आठवडे बंदच होती, मग एके दिवशी आपोआप उघडली.

नुकसान काय झालं म्हणाल, तर आमचं फार नाही; झालं ते जाळ्याचं. टॉरचं बळ रिले किती यापेक्षा ते किती विखुरलेले आहेत यात असतं. मूठभर डेटा सेंटरमध्ये सगळे एकवटले, तर तिथे पाळत ठेवणाऱ्याचं काम सोपं. भारतातून चालणारे रिले मुळातच थोडे. आमचा पत्ता अडवून त्या साइटने एकही चोर रोखला नाही; सोलापूरचा एक डेपो मात्र बंद पडला, आणि आधीच गर्दी असलेल्या शहरात आणखी एक उघडला. टीव्हीच्या कपाटात आता डबीच्या जागी बाबांनी चष्म्याचं घर ठेवलंय.